अंदाजाच्या पानावरचं नाव

गुनवोर ओर्विकला कुणी 'इंजिनियर' म्हटलं की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. "इंजिनियर नव्हे. मी मोजते." समोरच्याला वाटायचं, बाई विनयानं बोलतेय. पण विनयाचा तिथे काही संबंध नव्हता. जे आहे ते आहे तितकंच सांगायचं, गुंजभर जास्त नाही की कमी नाही, असा तिचा स्वभाव होता. या स्वभावापायी पन्नाशी उलटल्यावर तिची नोकरी गेली. आणि ज्यानं खोटं लिहिलं, त्याला बढती मिळाली.

तिची आई स्टाव्हांगरच्या मासळीच्या कारखान्यात होती. बोटाएवढे मासे सळईत ओवायचे, सळया चौकटीत लावायच्या आणि चौकट धुरीला पाठवायची. मजुरी चौकटीवर मिळायची आणि मुकादम रोज दोन-चार चौकटी हमखास विसरायचा. पंधराव्या वर्षी गुनवोर त्याच कारखान्यात मोजणीच्या टेबलावर लागली. आठवड्याभरात तिनं मुकादमाची वही आणि स्वतःची वही मालकापुढे शेजारी शेजारी ठेवली. मालकानं दोन्ही वह्यांतले आकडे ताडून पाहिले. मग म्हणाला, "पोरी, तुला मित्र फार मिळायचे नाहीत."

पुढे कारखाने एकेक करून बंद पडले आणि गावात तेल आलं. समुद्रात विहिरी, विहिरींवर पोलादी प्लॅटफॉर्म, आणि ते बांधायला किनाऱ्याकिनाऱ्यानं यार्ड. एका यार्डच्या नकाशाघरात गुनवोर मोजणीला लागली. टेबलाएवढा नकाशा पसरायचा आणि रंगीत पेन्सिलीनं त्यावरचा एकेक पाइप, एकेक वळण, एकेक झडप टिपत जायचं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा खर्च शेवटी दोन गोष्टींवर येऊन ठरतो: वजन किती आणि टनामागे माणसांचे तास किती. पोलादी सांगाड्याच्या एका टनाला साठ-सत्तर तास पुरतात. पाइपांच्या एका टनाला साडेतीनशे लागतात, कारण पाइप वळतो, जोडावा लागतो, तपासावा लागतो आणि नकाशा बदलला की कापून पुन्हा जोडावा लागतो. हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. दर प्लॅटफॉर्म पुरा झाला की ती फोरमनच्या हजेरीपत्रकांवरून खरे तास काढायची आणि कार्डावर लिहून ठेवायची. वीस वर्षांत अकरा प्लॅटफॉर्म झाले. यार्डमधून ती एका तेल कंपनीच्या कचेरीत गेली, तिथे अंदाज विभागाची ज्येष्ठ झाली, पण कार्डं तिची तिच्याजवळच राहिली.

लग्न तिनं केलं नाही. स्टुरहाउगच्या चढावर आईवडिलांच्या लाकडी घरात ती एकटी राहायची. धाकटा भाऊ टोर्केल फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या बेटावर, सांडवोगच्या यार्डमध्ये पाइपफिटर होता. यार्ड मोठी नव्हती, पण बेटावरची तीनशे घरं तिच्यावर जगत होती. टोर्केल तिथल्या कामगारांचा पुढारी होता आणि त्यांच्या वतीनं यार्डच्या संचालक मंडळावर बसायचा. दर गुरुवारी तो फेरीबोटीनं यायचा. बहीण बटाट्याचे कोमले, म्हणजे गोळे, उकडायची, वर खारं मटण, आणि दोघं फारसं न बोलता पोटभर जेवायची.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत हावेल्ले नावाच्या नव्या तेलक्षेत्राचा अंदाज तिच्या टेबलावर आला. पाच महिने तिनं काम केलं. वरच्या डेकचं, म्हणजे पाण्याबाहेरच्या मजल्यांचं, वजन आलं तेरा हजार चारशे टन. सगळ्या प्लॅटफॉर्मचा खर्च आला नऊ अब्ज चाळीस कोटी क्रोनर, त्यात अडीअडचणींसाठी राखलेले दीड अब्ज धरून.

योस्टाइन रीसा हा तिचा नवा साहेब. वय चाळीस, बाह्या कायम दुमडलेल्या, कुणाशीही पाच मिनिटांत दोस्ती करणारा. त्यानं शेवटचं पान उलटून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"आकडा सात पॉइंट तीनवर यायला हवा."

"कसा?"

"कसा म्हणजे? अंदाज तू काढतेस ना?"

"मी काढला. नऊ पॉइंट चार आला."

"हे बघ, पाइपांना तू टनाला साडेतीनशे तास धरलेत. दोनशे वीस धर. आता नवीन पद्धत येतेय. सगळे एकत्र बसून आधीच ठरवणार, नंतर नकाशे बदलणार नाहीत. कागदपत्रं निम्मी होणार."

"कागद निम्मे झाले म्हणून पाइप सरळ होतो का?"

तो हसला. "आणि हे दीड अब्ज राखीव? ही तर नुसती तुझी भीती आहे."

"भीती नाही. मागच्या अकरा वेळा जे झालं ते आहे. कार्डं आणू?"

"कार्डं नकोत." त्याचं हसू मावळलं. "तेल पिंपाला चौदा डॉलरवर आलंय, गुनवोर. नऊ म्हटलं तर पैसे घालणारे भागीदार टेबलावरून उठून जातील. प्रकल्प गेला, तर तू काय मोजणार आहेस?"

"उठू देत. पण खरं ऐकून उठू देत."

"तू फार नकारात्मक झालीयेस."

"सही मी नऊ पॉइंट चारवर करेन," ती म्हणाली. "साताचा आकडा हवा असेल तर तुझा तू लिही आणि खाली तुझं नाव घाल."

ती तेवढ्यावर थांबली नाही. चार पानांचं टिपण लिहिलं: कुठल्या आकड्याला हात लावला तर काय होईल आणि का. ते घेऊन ती तळमजल्यावर दफ्तरखान्यात गेली. तिथल्या ऑडनीनं आवक नोंदवली, तारखेचा शिक्का मारला आणि विचारलं, "एवढं कशाला गं?" गुनवोर म्हणाली, "माझ्या माहितीसाठी."

महिन्याभरात तिला हावेल्लेवरून काढून जुन्या प्लॅटफॉर्मच्या रंगरंगोटीचे अंदाज करायला बसवलं. आकडा सात पॉइंट तीनच जाहीर झाला, डेकचं वजन अकरा हजार दोनशे टन. वर्तमानपत्रांनी लिहिलं की इतक्या स्वस्तात इतका मोठा प्लॅटफॉर्म बांधायला जिगर लागते. कचेरीत केक कापला गेला. गुनवोरनं केक खाल्ला नाही, पण तिला कुणी आग्रहही केला नाही.

डेक बांधायचं काम सांडवोगच्या यार्डला मिळालं. बेटावर घरोघर झेंडे लागले. करार असा होता: ठरल्यापेक्षा खर्च कमी झाला तर बचत कंपनी आणि यार्ड दोघांत वाटायची आणि वाढला तर वाढीतला निम्मा यार्डच्या माथी. सही करण्याआधीच्या गुरुवारी टोर्केल आला. त्यानं ताट पुढे ओढलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आकडा पक्का आहे ना?"

गुनवोरच्या हातातला चमचा थांबला. कंपनीच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, असं तिनं लिहून दिलं होतं. इतक्या वर्षांत तिनं ते एकदाही मोडलं नव्हतं.

"त्याबद्दल मी बोलू शकत नाही," ती म्हणाली.

"बरं," टोर्केल म्हणाला. त्यानं मटणाचा तुकडा मोडला आणि हवापाण्यावर बोलायला लागला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पण तिनं फोन केला नाही. पुढे हे तिनं स्वतः होऊन अनेकांना सांगितलं, आणि सांगताना स्वतःची बाजू एकदाही सावरून घेतली नाही.

नव्या पद्धतीचं जे व्हायचं ते झालं. नकाशे अर्धवट असतानाच पोलाद कापायला सुरुवात झाली. जिथे पाइप जायचा तिथे तुळई निघाली. पाइप कापला, वळवला, पुन्हा नकाशा बदलला, पुन्हा कापला. यार्डनं स्कॉटलंडहून आणि पोलंडहून वेल्डर आणले, त्यांना राहायला जुनं प्रवासी जहाज भाड्यानं घेऊन धक्क्याला बांधलं. टोर्केलचं गुरुवारी येणं आधी कमी झालं आणि मग बंद झालं. कामाचा ताण असेल, असं बहिणीनं समजून घेतलं.

शहाण्णवच्या मे महिन्यात डेक तयार झाला आणि त्याचं वजन करायची वेळ आली. डेकच्या पायांखाली जॅक लावतात, जॅकवर वजनाचे काटे बसवतात आणि सगळा डोंगर वीतभर उचलतात. एकदा नाही, तीनदा. कंपनीतर्फे साक्षीला माणूस हवा होता. ज्याचं नाव ठरलं होतं तो आजारी पडला आणि कुणाच्या तरी डोक्यातून गुनवोरला पाठवायचं निघालं.

त्या दिवशी वारा नव्हता. चारशे माणसं हेल्मेटं घालून उभी होती. पंप सुरू झाले, पोलाद करकरलं आणि धक्क्यावरच्या तंबूतल्या पडद्यावर आकडे चढत गेले. पहिल्या वेळी तेरा हजार दोनशे सत्त्याऐंशी. दुसऱ्या वेळी तेरा हजार दोनशे नव्वद. तिसऱ्यांदा पुन्हा नव्वद. ठरल्यापेक्षा दोन हजार टन जास्त. वाढलेल्या टनांचे, आणि त्याआधी फुकट गेलेल्या हजारो तासांचे निम्मे पैसे यार्डच्या गळ्यात पडणार, हे तिथल्या शिकाऊ पोरालाही कळत होतं.

तंबूबाहेर टोर्केल उभा होता. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"कसलं समाधान?"

"अकरा हजार दोनशे लिहिलं होतंस. बघ केवढं निघालं."

"मी तेरा हजार चारशे लिहिलं होतं."

"खोटं नको बोलूस, गुनवोर. करारात तुझं पान लावलंय. अंदाज तयार करणार, गुनवोर ओर्विक. मंडळात मी ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. सगळे बिचकत होते. हिशोबनीस म्हणत होता, आकडा तोकडा वाटतो. मी म्हटलं, हे माझ्या बहिणीनं मोजलंय. ती चुकत नाही." तो थांबला. "तुझं नाव बघून मी हात वर केला. माझ्यामागे बाकीच्यांनी केला."

दोन वर्षं गुनवोरला वाटत होतं की आपण सही नाकारली, म्हणजे आपलं नाव तरी सुटलं. आणि तिचं तेच नाव तिच्या सख्ख्या भावापुढे जामीन म्हणून ठेवलं गेलं होतं.

"त्या रात्री तुला विचारलं होतं मी," टोर्केल म्हणाला. "सांगता येत नाही म्हणालीस. मला वाटलं, म्हणजे ठीक आहे. ठीक नसतं तर बहिणीनं सांगितलं असतं."

गुनवोर तंबूत परत गेली आणि वजनाच्या कागदावर साक्षीची सही केली.

दुसऱ्या दिवशी ती थेट योस्टाइनच्या खोलीत शिरली. बसली नाही.

"हावेल्लेच्या पानावर माझं नाव कुणी ठेवलं?"

"कुठलं पान?" मग त्याच्या लक्षात आलं. "अगं, पहिल्या मसुद्यावरून राहून गेलं असेल. टायपिंगमध्ये होतं असं."

"आकडे बदलताना टायपिंग चुकलं नाही. नावाशी येऊनच चुकलं?"

योस्टाइननं खुर्ची मागे ढकलली. तो मुळात वाईट माणूस नव्हता, असं कचेरीत अजून म्हणतात. खरं बोलायची त्याला सवय नव्हती एवढंच. त्या दिवशी मात्र तो खरं बोलून गेला.

"गुनवोर, या किनाऱ्यावर तुझ्या नावाला वजन आहे. भागीदारांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, ओर्विकनं बघितलंय का. तू पाच महिने बघितलंच होतंस की. तुझं नाव नसतं तर प्रकल्प उभाच राहिला नसता. तुला यात अभिमान वाटायला हवा."

आयुष्यात तिच्याशी लबाडी पुष्कळांनी केली होती. पण लबाडीचा हार घालून वर पाया पडायला सांगणारा तिला हा पहिलाच भेटला.

"त्या यार्डवर तीनशे घरं जगतात," ती म्हणाली.

"यार्डनं सही डोळे उघडे ठेवून केली."

"नाही. माझ्यावर विश्वास ठेवून केली. ते तुलाही ठाऊक होतं."

त्या वर्षाच्या शेवटी सांडवोगच्या यार्डचं दिवाळं निघालं. धक्क्याला बांधलेलं जहाज निघून गेलं, दुकान बंद झालं, शाळेचे दोन वर्ग एक झाले. बेटावर लोकांनी नाव ठेवायला नाव शोधलं आणि ते छापील सापडलंच. गुनवोरच्या आईला तिच्या माहेरी, बेटावरच पुरलं होतं; तिच्या थडग्यावर फुलं ठेवायला गुनवोर गेली, तेव्हा फेरीबोटीतल्या कॉफीवाल्या बाईनं तिच्यापुढे कप ठेवला नाही, आपटला. "ओर्विकबाई, सुटे पैसे नीट मोजून द्या," ती म्हणाली, आणि मागच्या बाकावरचे दोघे हसले.

प्लॅटफॉर्मचा खर्च शेवटी नऊ अब्ज साठ कोटींवर गेला. भागीदारांनी चौकशी समिती बसवली. गुनवोरला बोलावलं तेव्हा तिनं ऑडनीकडून शिक्का मारलेलं टिपण काढून नेलं होतं. समितीचा वकील पानं चाळत म्हणाला, "हे सगळं तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, तर तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले. तुमच्या हातात जे आहे ते माझं बोलणं आहे. वरची तारीख वाचा."

"म्हणजे, अधिक वरच्या पातळीवर का नाही?"

"माझ्या वर योस्टाइन रीसा होता. त्याच्या वर जे होते, ते आता तुमच्या शेजारी बसलेत. त्यांना विचारा."

वकिलानं शेजारी पाहिलं नाही. त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी अहवाल आला. एकशे दहा पानांत योस्टाइनचं नाव नव्हतं. गुनवोरचंही नव्हतं, पण एक वाक्य होतं: अंदाज विभागाने खर्चातील अनिश्चितता पुरेशा स्पष्टपणे मांडली नाही. अंदाज विभाग म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. इथे तर फाशीचा दोरही संन्याशाच्याच नावावर घेतलेला होता. तिचं चार पानांचं टिपण परिशिष्टातसुद्धा घातलं नव्हतं. योस्टाइनला लंडनच्या कचेरीत पाठवलं, मोठ्या जागी. तिला सांगितलं गेलं, दोन वर्षांचा पगार घे आणि सन्मानानं निवृत्त हो. अट एकच, हावेल्लेबद्दल कुठेही चकार शब्द काढायचा नाही.

कागद घरी आणून तिनं दोन दिवस टेबलावर ठेवला. दोन वर्षांचा पगार म्हणजे लहान रक्कम नव्हती. घराचं छप्पर गळत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन लावला.

"तुमच्या कामगार सभागृहाची किल्ली अजून तुझ्याकडे आहे का?"

"आहे. का?"

"रविवारी माणसं बोलाव. मला काहीतरी वाचून दाखवायचंय."

"लोक चिडलेत," टोर्केल म्हणाला. "काय बोलतील सांगता येत नाही."

"बोलू देत."

रविवारी दुपारी सभागृहात दोनशेच्या आसपास माणसं जमली. टोर्केल अध्यक्षाच्या खुर्चीत होता, पण त्यानं बहिणीची ओळख करून दिली नाही. गुनवोर उभी राहिली, चष्मा लावला आणि टिपण पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. टनाला किती तास, का. नकाशे अर्धवट असताना पोलाद कापलं तर काय होईल. करारात खर्चाची वाढ यार्डवर टाकली तर एखादी छोटी यार्ड बुडू शकते, हे तिनं तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा मागून एक फोरमन उठला.

"तारीख सांगा."

"चौदा जुलै, चौऱ्याण्णव."

"आम्ही सही केली ऑक्टोबरात."

"होय."

"मग तीन महिने काय केलंत?"

गुनवोरनं चष्मा काढला.

"गप्प बसले," ती म्हणाली. "माझ्या भावानं मला जेवताना विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. आकडा मी खोटा केला नाही, तो ज्यांनी केला त्यांनी केला आणि माझं नाव चोरून खाली लावलं. पण गप्प मी बसले. तेवढं माझ्या नावावर लिहा. बाकीचं लिहू नका."

फोरमन उभाच राहिला. मग त्यानं मान हलवली आणि खाली बसला. गुनवोरनं उरलेलं पान वाचून पुरं केलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना मात्र एक म्हातारा वेल्डर तिच्याजवळ येऊन थांबला आणि म्हणाला, "साडेतीनशे कुठले. चारशे लागले आम्हाला."

"पहिल्यापासून?"

"नकाशे बदलायला लागल्यापासून."

तिनं पर्समधून कोरं कार्ड काढून तिथल्या तिथे लिहून घेतलं.

गावच्या वर्तमानपत्रानं टिपण अख्खं छापलं. कंपनीचं पत्र चौथ्या दिवशी आलं: गोपनीयतेचा भंग केल्यामुळे दोन वर्षांचा पगार मिळणार नाही. त्यानंतर सहा महिने ती एका वकिलामागून दुसऱ्याकडे जात राहिली. तिला एकच गोष्ट हवी होती, पानावरचं नाव काढून टाका. अखेर दोन ओळींचा खुलासा आला. संबंधित अंदाजपत्रकावर श्रीमती ओर्विक यांचे नाव 'कारकुनी चुकीने' राहिले होते. कारकुनी चूक हे शब्द वाचून ती इतकी संतापली की तिनं पत्र चुलीत घालायला उचललं. भेटायला आलेल्या ऑडनीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "ठेव. शिक्का आहे त्याच्यावर."

यार्ड पुन्हा उघडली नाही. टोर्केलला पुढे मासे पोसण्याच्या जाळ्यांवर काम लागलं, पगार पहिल्याच्या दोन-तृतीयांश. एका गुरुवारी फेरीबोटीनं तो आला आणि जेवायला बसला. खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "खरा आकडा सांगितला असता तर काय झालं असतं?"

"बहुतेक प्रकल्पच झाला नसता."

"मग आम्हाला कामही मिळालं नसतं. दोन वर्षांचं तरी मिळालं."

"मिळालं. आणि त्या दोन वर्षांत तुम्ही स्वतःच्या पैशानं त्यांचा प्लॅटफॉर्म बांधलात." तिनं ताटं उचलली. "काम मिळालं नसतं, तर तुम्हाला ते कळलं असतं. दुसरं काही शोधलं असतं. ते ठरवायचा हक्क तुमचा होता. तो योस्टाइननं माझं नाव वापरून काढून घेतला."

"अजून राग आहे तुला?"

"आहे."

"चार वर्षं झाली, गुनवोर."

"झाली की," ती म्हणाली, आणि कॉफी चढवायला वळली.